जपानी इलेक्ट्रो-पंक : गोंगाटामागचा काटेकोरपणा

वाचकांच्या संगीतविषयक प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या सदरात गेल्या महिन्यात जपानमधील इलेक्ट्रो-पंक संगीताचा, म्हणजे पंक या वेगवान, आक्रमक रॉक प्रकाराची इलेक्ट्रॉनिक वाद्यांशी सांगड घालणाऱ्या संगीताचा, ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांत उत्सुकता होती, तशी नाराजीही होती. या संगीतावर माझे मनापासून प्रेम असल्यामुळे या पत्रांना एकाच अंकात सविस्तर उत्तरे देण्याची परवानगी मी संपादकांकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. नारिंगी रंगाचे एकसारखे पोशाख घालून, डोळ्यांवर काळी आडवी पट्टी लावून उड्या मारत गाणाऱ्या एका जपानी गटाचे कार्यक्रम ती सतत पाहत असते. मला त्यात किंचाळणे आणि यंत्रांचा कर्कश आवाज यांपलीकडे काही ऐकू येत नाही. ती म्हणते की, हे ऐकले की अंगात वीज संचारते. तिला ज्यातून एवढा आनंद मिळतो, ते मला समजून घ्यायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे. (एक पालक)

उत्तर : आपल्या वर्णनातला गट म्हणजे टोकियोचा ‘पॉलिसिक्स’. हिरोयुकी हायाशी या गायक-गिटारवादकाने तो १९९७ मध्ये स्थापन केला. ‘कॉर्ग’ या जपानी कंपनीने १९८१ मध्ये त्याच नावाचा एक सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारे वाद्य, बाजारात आणला होता, त्यावरून गटाचे नाव ठेवले गेले. एखाद्या गटाने स्वतःला वाद्याचे नाव लावून घ्यावे, यातच त्याच्या संगीताची बरीचशी ओळख आहे, कारण येथे सिंथेसायझर हे मागे राहून साथ करणारे वाद्य नसून गिटार, बेस आणि ड्रम यांच्या बरोबरीने मंचावर उभा असलेला गटाचा एक सदस्यच आहे.

आपल्याला जो गोंगाट वाटतो, त्यात दोन भिन्न स्वभावाच्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. एकीकडे सिक्वेन्सर असतो. एकदा भरून ठेवलेली छोटीशी सुरावट तो न थकता, न चुकता आणि लयीत केसभरही फरक न करता पुन्हा पुन्हा वाजवतो. दुसरीकडे माणसे असतात; त्यांचे हात, पाय आणि गळे पंक संगीताच्या भरधाव लयीत पळत असतात. नृत्यसंगीतातील ‘हाउस’ या प्रकाराची लय साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांची असते, तर पंकमध्ये ती सहज १८० च्या आसपास जाते. एवढ्या वेगात यंत्राला काहीच कष्ट पडत नाहीत, माणसाला मात्र पडतात, आणि तरीही माणसाने यंत्राची साथ सोडायची नसते. मानवी शरीर यंत्राच्या खांद्याला खांदा लावून धावते आहे, क्षणभर मागे पडेल की काय असे वाटते, पण पडत नाही. हा ताण आपल्या कानांना ऊर्जा म्हणून जाणवतो. आपल्या मुलीला जी वीज जाणवते, तिचा उगम माझ्या मते येथेच आहे. वरवर बेभान वाटणाऱ्या या संगीताची सारी ताकद त्याच्या काटेकोरपणात आहे, आणि या अंकातील बहुतेक प्रश्नांना उत्तरे देताना मी याच मुद्द्याकडे परत परत येणार आहे.

आवाजाच्या कर्कशपणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तोही विचारपूर्वक घडवलेला असतो. गिटारचा ध्वनी ‘डिस्टॉर्शन’मधून, म्हणजे मुद्दाम ध्वनी विकृत करणाऱ्या यंत्रणेतून, जातो तेव्हा त्याच्या तरंगाचे माथे छाटले जातात, गोलाईदार तरंग चौकोनी होऊ लागतो आणि मूळ स्वराच्या जोडीला त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे स्वर ठळकपणे उमटू लागतात. सिंथेसायझरमध्ये ‘चौरस तरंग’ नावाचा जो एक मूलभूत ध्वनी असतो, त्याची घडणही अशीच, विषम पटींच्या स्वरांनी बनलेली असते. त्यामुळे तारेतून निघालेला आवाज आणि विद्युत-मंडलातून निघालेला आवाज हे या संगीतात सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांत मिसळतात, आणि आता गिटार वाजते आहे की सिंथेसायझर, हे काही क्षण ओळखता येत नाही. ही संभ्रमाची जागा मला अत्यंत प्रिय आहे. मुलीबरोबर पुढच्या वेळी ऐकायला बसाल, तेव्हा गायकाच्या ओरडण्याकडे थोडे दुर्लक्ष करून केवळ ही जागा शोधण्याचा प्रयत्न करा. त्याचबरोबर गाण्यातील अचानक येणाऱ्या विरामांकडेही लक्ष द्या. पूर्ण वेगात असलेला सारा गट एका ठोक्यावर थांबतो, क्षणभर निःशब्द शांतता पसरते आणि पुढच्याच ठोक्यावर सर्वजण एकत्र परत येतात. ज्याला आपण गोंगाट म्हणतो, त्याला असे थांबता येत नाही.

प्रश्न : मी स्वतः वाद्य शिकतो आहे. अर्धे संगीत यंत्रच वाजवत असेल, तर वादकाचे कौशल्य ते काय राहिले? हे फसवे वाटत नाही का? (एक विद्यार्थी)

उत्तर : मला तसे वाटत नाही. यंत्र आले की वादकाचे काम हलके होते, हा समज प्रत्यक्ष मंचावर टिकत नाही. केवळ माणसांचा गट वाजवत असतो तेव्हा लय श्वासासारखी थोडी कमी-जास्त होते; उत्साहाच्या भरात ध्रुवपदाला ती किंचित वाढते, कडव्याला किंचित उतरते, आणि सगळे एकदमच वाढत-उतरत असल्याने ते कोणाला खटकत नाही. सिक्वेन्सर गटात आला की ही मोकळीक संपते. ड्रमवादकाच्या कानात ‘क्लिक’ म्हणजे नियमित टिकटिक चालू असते, आणि समोर गर्दी उसळत असताना, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, त्याला त्या टिकटिकीपासून तसूभरही ढळता येत नाही.

जपानमध्ये ही शिस्त लोकप्रिय संगीतात आणण्याचे मोठे श्रेय ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ला जाते. हारुओमी होसोनो, र्युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये हा गट स्थापन केला. त्यांच्याबरोबर हिदेकी मात्सुताके हे प्रोग्रॅमर असत आणि ते ‘रोलँड’ कंपनीचा १९७७ साली आलेला ‘एमसी-८’ हा सिक्वेन्सर सांभाळत. या यंत्रात प्रत्येक स्वराची उंची आणि लांबी आकड्यांच्या रूपात बटणे दाबून भरावी लागे. ताकाहाशी कानाला हेडफोन लावून, क्लिक ऐकत, त्या यंत्राच्या बरोबरीने ड्रम वाजवत. त्यांचा ठोका ऐकताना यंत्र कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण जाते. पण तो ठोका निर्जीव कधीच वाटत नाही.

यलो मॅजिक ऑर्केस्ट्राची लय बहुधा शांत, डौलदार असे. इलेक्ट्रो-पंकने हेच काम पंकच्या वेगात करायचे ठरवले आणि अडचण कितीतरी पटींनी वाढवली. मिनिटाला १८० ठोके म्हणजे एक ठोका सेकंदाचा एक-तृतीयांश. त्याचे चार भाग केले की सेकंदाला १२ स्वर होतात, म्हणजे दोन स्वरांमधील अंतर सुमारे ८३ सहस्रांश सेकंद भरते. एवढ्याशा अवकाशात ड्रमचा ठोका जरा घसरला, तर सिंथेसायझरचा स्वर आणि ठोका वेगवेगळे ऐकू येतात, आणि संगीताचे शास्त्र न जाणणाऱ्या श्रोत्यालाही गाणे सैल झाल्याचे कळते. पॉलिसिक्समध्ये पुढे आलेल्या यानो या ड्रमवादकाचे वादन या दृष्टीने मुद्दाम ऐकावे. आपण वाद्य शिकत आहात, तर त्या गाण्यांबरोबर केवळ टाळी धरून पाहा. सुरुवातीची काही आवर्तने सोपी वाटतील, नंतर आपले हात पुढे पळू लागतील. वेग वाढवण्यापेक्षा वाढलेला वेग धरून ठेवणे किती कठीण असते, हे अशा वेळी कळते.

याची एक उलटी बाजू ‘मेल्ट-बनाना’ या टोकियोच्या जोडीत दिसते. हा गट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कार्यरत आहे. पूर्वी त्यांच्याकडे बेसवादक आणि ड्रमवादक असत. आता गायिका यासुको ओनुकी आणि गिटारवादक इचिरो आगाता असे दोघेच मंचावर असतात, आणि ड्रम व बेस संगणकातून येतात. मात्र संगणक सुरू करून दिला आणि गायला सुरुवात केली, असे येथे होत नाही. ओनुकी यांच्या हातात बटणांचा एक लहानसा नियंत्रक असतो आणि गाता गाताच त्या संगणकाला आज्ञा देत असतात. यंत्राच्या मागे धावण्याऐवजी येथे माणूस यंत्राला धावायला लावतो. या प्रकाराला मी फसवेपणा म्हणणार नाही. हे नवे वादन आहे आणि त्याला त्याची स्वतःची साधना लागते.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक संगीत जर्मनीचे आणि पंक इंग्लंड-अमेरिकेचे. जपानी गटांनी दोन्हींची नक्कल करून त्यावर रंगीत कपडे चढवले, एवढेच यात नवे आहे. मग त्याचे इतके कौतुक कशासाठी? (एक जुने वाचक)

उत्तर : ऋण आहे आणि ते कोणी लपवलेलेही नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या ‘क्राफ्टवर्क’ या इलेक्ट्रॉनिक गटाचा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रावरील प्रभाव स्पष्ट आहे, आणि अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन शहरातून आलेल्या ‘डीवो’ या गटाशिवाय पॉलिसिक्सची कल्पनाच करता येत नाही. एकसारखे पोशाख, यांत्रिक हालचाली, तुटक गायन हे सारे हायाशी यांनी डीवोकडून घेतले आणि आपल्या या गुरूंचा उल्लेख ते आदराने करत आले आहेत.

परंतु ‘नक्कल’ हा शब्द वापरण्यापूर्वी वाद्यांचा इतिहास पाहायला हवा. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे रोलँड कंपनी स्थापन केली. तिचे ‘सीआर-७८’ हे ताल-यंत्र १९७८ मध्ये आले, ‘टीआर-८०८’ १९८० मध्ये आणि ‘टीआर-९०९’ १९८३ मध्ये. यांपैकी ८०८ ला सुरुवातीला फारसे यश मिळाले नाही. पण पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेल्या या यंत्रांवरच अमेरिकेतील हिप-हॉप, हाउस आणि टेक्नो या प्रकारांचा मोठा डोलारा उभा राहिला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ ही पद्धत १९८३ मध्ये आली. तिच्या घडणीत काकेहाशी यांचा आणि अमेरिकी अभियंता डेव्ह स्मिथ यांचा वाटा इतका महत्त्वाचा होता की, २०१३ मध्ये त्या दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी सन्मान देण्यात आला. कॉर्ग आणि यामाहा यांची वाद्ये तर जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचली. म्हणजे जपानी तरुणांनी सिंथेसायझर हाती घेतला तेव्हा तो त्यांच्या दृष्टीने परदेशातून आलेला चमत्कार नव्हता. त्यांच्याच देशात बनलेली आणि आसपासच्या दुकानांत मिळणारी ती वस्तू होती. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालली होती.

पंक आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांची गाठही तेथे फार लवकर पडली. १९७९-८० च्या सुमारास ‘प्लास्टिक्स’, ‘पी-मॉडेल’ आणि ‘हिकाशू’ हे तीन गट एकत्रितपणे टेक्नो-पॉपचे, म्हणजे सिंथेसायझरवर आधारलेल्या जपानी पॉप संगीताचे, आद्य त्रिकूट म्हणून ओळखले जाऊ लागले. प्लास्टिक्सची हकिकत मला विशेष बोलकी वाटते. त्यातील तोशिओ नाकानिशी हे चित्रकार, हाजिमे ताचिबाना हे ग्राफिक डिझायनर आणि चिका सातो या वेशभूषाकार होत्या. संगीताचा व्यावसायिक अनुभव मुख्यतः मासाहिदे साकुमा यांच्याकडे होता. ड्रमवादकाऐवजी त्यांनी ताल-यंत्र वापरले. वाजवता येणे ही पूर्वअट नाही, कल्पना आणि धाडस हवे, ही पंकची मूळ भूमिका त्यांनी यंत्राच्या मदतीने अमलात आणली. पी-मॉडेलचे सुसुमू हिरासावा नेमके विरुद्ध दिशेने आले. आधी ते लांबलचक, गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉक गटात होते; ते सारे बाजूला ठेवून त्यांनी १९७९ मध्ये लहान, टोकदार, वेगवान गाणी करायला सुरुवात केली. एका बाजूने अननुभवी कलावंत आणि दुसऱ्या बाजूने कसलेला संगीतकार असे दोघेही एकाच ठिकाणी येऊन मिळाले, ही गोष्ट केवळ नक्कल म्हणून सांगता येत नाही.

पुढच्या पिढीत हा प्रवाह जास्त आक्रमक झाला. ‘द मॅड कॅप्सूल मार्केट्स’ हा गट हार्डकोर पंकमधून, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि कठोर रूपातून, आला आणि १९९० च्या दशकात त्याने संगणकीय ध्वनी इतक्या ताकदीने आपलेसे केले की, १९९९ च्या ‘ओएससी-डिस’ या अल्बममध्ये किंकाळी, गिटार आणि सिंथेसायझर यांचा एकच तप्त गोळा होऊन जातो. २००६ मध्ये हा गट थांबला. त्याचे बेसवादक ताकेशी उएदा यांनी नंतर ‘बेबीमेटल’ या जपानी मेटल गटासाठीही रचना केल्या, म्हणजे हा धागा आजच्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचलेला आहे. ‘बूम बूम सॅटेलाइट्स’ ही मिचियुकी कावाशिमा आणि मासायुकी नाकानो यांची जोडी नृत्यसंगीताच्या बाजूने रॉककडे सरकली. कावाशिमा यांचे २०१६ मध्ये मेंदूतील गाठीच्या आजाराने निधन झाले. आजारपणातही ते ज्या निष्ठेने संगीत करत राहिले, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे.

आणि पॉलिसिक्सविषयी बोलायचे तर, डीवोच्या संगीतात एक थंड, तटस्थ अंतर असते. पॉलिसिक्सने पोशाख तेच घेतले, पण ते अंतर ठेवले नाही. त्यांच्या संगीतात श्रोत्याला सामील करून घेणारी, निर्व्याज अशी उष्णता आहे. शिष्य गुरूपासून वेगळा झाला आहे, हे ओळखायला एवढा फरक पुरेसा आहे.

प्रश्न : मला जपानी भाषेचा एक शब्दही कळत नाही. अर्थ न समजता एखादे गाणे आवडले असे म्हणणे कितपत प्रामाणिक आहे? (एक वाचक)

उत्तर : पूर्णपणे प्रामाणिक आहे, आणि या विशिष्ट संगीताच्या बाबतीत तर अधिकच. पॉलिसिक्सच्या अनेक गाण्यांत जपानी, मोडके इंग्रजी आणि निव्वळ निरर्थक अक्षरे यांची सरमिसळ असते. ती जपानी श्रोत्यालाही अर्थासाठी ऐकायची नसतात. कित्येकदा आवाज व्होकोडरमधून काढलेला असतो. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी दूरसंदेशवहनासाठी विकसित केलेले हे उपकरण उच्चारांचा आकार तेवढा घेते आणि तो सिंथेसायझरच्या स्वरावर चढवते. तेथे शब्द हा तालवाद्याचाच एक प्रकार होतो.

जपानी भाषेची घडण या वापराला फार अनुकूल आहे. तिच्यात बोलण्याचे लहानात लहान एकक साधारण समान कालावधीचे असते आणि बहुतेक एकके स्वरान्त असतात. आपल्या मात्रावृत्तांची सवय असलेल्या वाचकाला हे पटकन समजेल. ‘टोकियो’चा जपानी उच्चार ‘तो-ओ-क्यो-ओ’ असा चार मात्रांचा होतो. अशी समान मापाची अक्षरे भरधाव लयीवर एकामागून एक ठेवली, की प्रत्येक अक्षर एकेका ठोक्यावर चपखल बसते, आणि गाणारा गळा सिक्वेन्सरच्या जवळ जाऊन पोहोचतो. यासुको ओनुकी यांचे उंच पट्टीतले, तोडून तोडून फेकलेले शब्द ऐकताना हे विशेष जाणवते, जरी त्या बऱ्याचदा इंग्रजीत गात असल्या तरी. मातृभाषेचे माप इंग्रजी शब्दांनाही लागलेले असते, असे मला वाटते. अर्थात, ज्या गाण्यांत सामाजिक आशय आहे, उदाहरणार्थ मॅड कॅप्सूल मार्केट्सच्या सुरुवातीच्या काळातील गाण्यांत, तेथे अनुवाद मिळवून वाचणे हे श्रोत्याचे कर्तव्य आहे.

प्रश्न : जपानी समाज अतिशिस्तीचा आहे, म्हणून दडपलेली ऊर्जा अशा संगीतातून उफाळून येते, असे विवेचन माझ्या वाचनात आले. ते आपणास मान्य आहे का? शिवाय गणवेश घालणाऱ्यांना पंक कसे म्हणावे? (समाजशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : पहिले विवेचन मला मान्य नाही. एका संपूर्ण समाजाच्या मनाविषयी असा सरसकट निष्कर्ष काढला, की प्रत्यक्ष संगीत कसे घडते हे पाहण्याची गरजच उरत नाही. जवळपास अशाच जातीचे, संगणक आणि हार्डकोर यांचे मिश्रण असलेले आक्रमक संगीत १९९२ पासून बर्लिनमध्ये ‘अटारी टीनेज रायट’ हा गट करत होता. त्याचे स्पष्टीकरण कोणी जपानी शिस्तीत शोधत नाही.

मला यामागचे खरे कारण अधिक साध्या गोष्टींत दिसते. जपानमध्ये नवे गट ज्या ठिकाणी वाजवतात, त्या जागांना ‘लाइव्ह हाउस’ म्हणतात. टोकियोच्या शिमोकिताझावा, कोएंजी, शिंजुकु या भागांत अशा अनेक जागा आहेत. बऱ्याचशा तळघरांत, लहान, पण ध्वनियंत्रणा उत्तम असलेल्या. ‘शिंजुकु लॉफ्ट’ १९७६ पासून सुरू आहे. कार्यक्रम संध्याकाळी सहा-सातला सुरू होतो, कारण प्रेक्षकांना रात्रीची शेवटची गाडी गाठायची असते. एका संध्याकाळी चार-पाच गट असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धा तास येतो. तिकिटाव्यतिरिक्त प्रेक्षकाला ५००-६०० येन पेयासाठी मोजावे लागतात. बहुतेक ठिकाणी ‘नोरुमा’ नावाची पद्धत असते, म्हणजे गटाने ठरावीक संख्येने तिकिटे खपवायची आणि न खपलेल्यांची किंमत स्वतःच्या खिशातून भरायची. तरुण वादकांवर हा भार अन्यायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु संगीतावर त्याचा परिणाम काय होतो, तेही पाहा. समोरचा अर्धा प्रेक्षक दुसऱ्याच गटासाठी आलेला असतो, हाती केवळ अर्धा तास असतो, आणि पदरचे पैसे गुंतलेले असतात. अशा वेळी पहिल्या मिनिटातच अनोळखी माणसाचे लक्ष वेधून घेणे भाग असते. दोन-अडीच मिनिटांची गाणी, प्रस्तावनेशिवाय सुरू होणारा ताल, दुरूनही ओळखू येणारा पोशाख, ‘टोइसु!’ यासारखी सर्वांना एकत्र ओरडता येईल अशी पॉलिसिक्सची आरोळी, या साऱ्यांना अशा मंचांवर किती किंमत असेल, हे सांगायला नको. पॉलिसिक्सने पुढे मार्च २०१० मध्ये टोकियोच्या निप्पोन बुदोकान या भव्य सभागृहात कार्यक्रम केला. तेथेही त्यांनी तळघरातील ती घाई सोडली नाही.

गणवेशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे मूळ पुन्हा डीवोपाशी जाते. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, त्या वेळी डीवोचे जेराल्ड कसाले तेथे उपस्थित होते. माणसाची प्रगती होत नसून अधोगती होत आहे, या त्यांच्या कल्पनेला त्या घटनेने धार आली, आणि कारखान्यातील कामगारासारखा एकसारखा वेश हे त्या कल्पनेचे दृश्य रूप झाले. पॉलिसिक्सकडे येईपर्यंत या वेशातील राजकीय कडवटपणा ओसरला, हे खरे. परंतु या वेशामुळे वादकांचे चेहरे मागे पडतात, सुंदर-असुंदर, प्रसिद्ध-अप्रसिद्ध हा भेद पुसला जातो, आणि लक्ष उरते ते केवळ एकत्र वाजणाऱ्या शरीरांवर. कायो या सिंथेसायझर वाजवणाऱ्या सदस्या २०१० मधील त्या बुदोकानच्या कार्यक्रमापर्यंत गटात होत्या. हायाशी मंचभर उसळत असताना त्या निर्विकार चेहऱ्याने, मोजक्या यांत्रिक हालचाली करत उभ्या राहत. एकाच वेशातील हे दोन टोकांचे स्वभाव पाहताना यंत्र आणि माणूस यांचे नाते डोळ्यांनाही कळते. प्रसिद्ध कलाकारांच्या व्यक्तिपूजेला नकार देणे हे पंकचे मूळ लक्षण मानले, तर हा गणवेश पंकच आहे.

प्रश्न : हे संगीत मोठ्या आवाजातच ऐकावे लागते का? कानांना अपाय होत नाही का? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : अपाय निश्चित होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर ही मर्यादा ४ तासांवर येते. कार्यक्रमांच्या ठिकाणी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे संघटनेने २०२२ मध्ये सुचवले. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी कानांत बोळे अवश्य घालावेत. घरी मात्र आवाज मध्यमच ठेवावा. या संगीतातील काटेकोरपणा हळू आवाजात अधिक स्पष्ट ऐकू येतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : सुरुवात कोठून करावी? क्रम सुचवाल का? (अनेक वाचक)

उत्तर : इतिहासाच्या क्रमाने सुरुवात करू नका, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांतील साधेपणाचे मोल नंतरचे ऐकल्यावर कळते. प्रथम पॉलिसिक्सचा २००७ चा ‘कराटे हाउस’ किंवा २००८ चा ‘वी एट द मशीन’ यांपैकी कोणताही एक अल्बम घ्या आणि तो सलग ऐका. आवडला, तर त्याच काळातील त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची चित्रफीत पाहा. या गटाची खरी ओळख मंचावरच होते. त्यानंतर मागे जाऊन प्लास्टिक्सचा १९८० चा पहिला अल्बम आणि पी-मॉडेलचा १९७९ चा पहिला अल्बम ऐकावा. तेथे यंत्रे अगदी थोडी आहेत आणि प्रत्येकीचा आवाज सुटा ऐकू येतो, त्यामुळे पुढच्या काळातील दाट ध्वनीची उकल करायला कान तयार होतात. यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा १९७९ चा ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’ याच टप्प्यावर, शक्यतो रात्री निवांतपणे ऐकावा. मग मॅड कॅप्सूल मार्केट्सचा ‘ओएससी-डिस’.

मेल्ट-बनानाचा २०१३ चा ‘फेच’ शेवटी ठेवा, आणि तो आवडल्यास त्यांचा २०२४ चा ‘३+५’ घ्या. या दोघांचे संगीत पहिल्याच दिवशी ऐकल्यास बहुतेकांना ते अभेद्य वाटते. वरच्या क्रमाने गेल्यावर मात्र तीच वेगवान भिंत स्वतंत्र विटांनी रचलेली दिसू लागते. मेल्ट-बनानाची मात्र एका बैठकीत तीन-चार गाण्यांपेक्षा जास्त ऐकण्याची घाई करू नये.